चिलीची छाटणी

राहात्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पंख्यानं अजिनाथचे कागद उडाले. एक नेमका रेश्माच्या पायाशी आला. तिनं तो उचलला, वाचला... आणि परत द्यायचं सोडून भांडायलाच उभी राहिली.

"चिलीत ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी? कुनी लिवलंय हे?"

"मीच. का हो?"

"तिकडं ऋतू उलटे असत्यात. ऑक्टोबरात येलीला घड निघालेले असतील. कात्री लावली तर वरीसभराचं पीक मातीत."

अजिनाथ कानापर्यंत तांबडा झाला. काकासाहेबांची निर्यात कंपनी चिलीत चाळीस एकरांची बाग विकत घेत होती. इकडचा हंगाम संपला तरी परदेशी गिऱ्हाइकाला माल देता यावा म्हणून. ती सांभाळायला तीन वर्षांसाठी अजिनाथ निघाला होता. त्याच कंपनीच्या पॅकिंगला असलेल्या रेश्मानंही त्या कामासाठी अर्ज केला होता. पुणतांब्याच्या घरच्या बागेत ती लहानपणापासून छाटणी करत आलेली. पण पोरीला एवढ्या लांब कोण धाडतं, असं म्हणत काकासाहेबांनी तिच्या अर्जावर चहाचा कप ठेवला होता.

तरी महिनाभर बांधावर बसून अजिनाथचं छाटणीचं वेळापत्रक तिनंच नव्यानं बसवलं. तो मुद्दाम चुकतो, असा तिला दाट संशय. तिनं डोळे वटारले की तो असा काही बघायचा, की तिचा राग अर्ध्यातच... पण जायचा नाही. डोकं हिचं आणि विमान त्याचं, हे कुठलं शहाणपण?

मग कंपनीची बैठक झाली. ते वेळापत्रक हातात धरून काकासाहेबांनी सगळ्यांदेखत अजिनाथची पाठ थोपटली. मागच्या रांगेत रेश्मानं ओठ चावला.

अजिनाथ उठला. "ह्यातली एक बी ओळ माझी न्हाई, साहेब. सगळं रेश्माचं हाय. तिलाच धाडा."

काकासाहेबांनी तिला पुढं बोलावलं आणि तासभर खोदून खोदून विचारलं. ती एकदाही अडली नाही. चाळीस एकर त्यांचेच होते, चुकलं तर नुकसानही त्यांचंच. शेवटी त्यांनी होकाराची मान हलवली.

बाहेर येताच ती अजिनाथवर उखडली. "मला नोकरी दान करायला तुमी कोन?"

"दान कसलं? तुमचंच हुतं, ते दिलं." तो घुटमळला. "तीन वर्सं मी थांबन... तुमच्यासाठी."

"ते बी तुमीच ठरवलं? माझ्या वाटचं जो तो ठरिवतोय. मला इचारायची रीतच न्हाई का हितं?"

अजिनाथ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मग इचारतो — थांबू?"

तिनं त्याला तसंच उन्हात उभं ठेवलं... चांगलं मिनिटभर.

"व्हय," ती म्हणाली. तेही रागातच.