पूजेतला डबा

"पप्पा, जरा सावकाश! आजीचं कुंकू वाऱ्यानं उडून जाईल!" हर्षल ओरडला आणि जीपमधले सगळे हसले.

निकिता मात्र हसली नाही. तिला पायाखालून एक बारीक आवाज ऐकू येत होता. घुंईंऽऽ...

खंडेनवमीची सकाळ होती. शाळेला दसऱ्याची सुट्टी. नाथामामा सगळ्यांना घेऊन नाशिकहून पेठला, मामीच्या माहेरी निघाला होता; मामी आधीच तिकडे गेली होती. पुढे त्याच्याशेजारी कुसाबाई आजी बसली होती. मागे निकिता, तिची सात वर्षांची बहीण रोशनी आणि मामाचा मुलगा हर्षल.

"हर्षल, ऐकलंस?"

"रस्त्याचा आवाज आहे तो. सारखी पुस्तकात डोकं घालून बसतेस, तुला रस्ता काय माहीत?"

पण मामाने वेग वाढवला की तो आवाज चढायचा. वेग कमी केला की उतरायचा. रस्ता असं कशाला करेल? उमराळे गाव मागे पडलं आणि जळकट वासही येऊ लागला.

तिने डोळे मिटले आणि सकाळचं भिमाजी मिस्तरींचं गॅरेज आठवून पाहिलं. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा असतो. त्यातली दातेरी चक्रं चाकांना फिरवतात, आणि ती तेलात बुडालेली असावी लागतात. या जुन्या जीपच्या गोळ्याला तेल काढायला किंवा भरायला भोकच नव्हतं. दरवेळी मागचं झाकण उघडावं लागायचं. म्हणून मिस्तरींनी जुनं तेल काढून, भोकं पाडून, त्यांना आटे पाडून दोन जाड बुचं बसवली होती. खालचं तेल काढायला, वरचं भरायला. दोन्ही बुचांना कुंकू लावलेलं तिने स्वतः वाकून पाहिलं होतं.

शेजारी पाटावर पूजा मांडली होती. धुतलेले पाने, हातोड्या, ड्रिल, सगळ्यांवर झेंडू. आज त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. आणि त्याच रांगेत तेलाचा एक लाल डबा!

निकिताने खाडकन डोळे उघडले. "हर्षल! पूजेतल्या डब्याचं सील तसंच होतं!"

"मग?"

"मग गोळ्यात भरलं काय?"

हर्षलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मिस्तरी नैवेद्य आणायला घरी गेले होते, तेवढ्यात पप्पांनी खिळ्यावरची किल्ली काढून गाडी बाहेर काढली होती. कुणालाही न विचारता!

"बापरे," तो कुजबुजला. "चालत्या गाडीत चाकं जाम होतील. आणि पुढे सावळघाट आहे!"

मोठ्यांशी बोलायचं म्हटलं की निकिताची जीभच वळत नसे. तरी ती पुढे वाकली.

"मामा, गाडी थांबवा ना. मागच्या गोळ्यात तेल नाहीये बहुतेक."

"घ्या! आमच्या मिस्तरीणबाई!" मामा खदखदून हसला. "अगं, दोन्ही बुचं घट्ट बसवलीत. मी बघितलंय."

"पण आत बघितलंत का?"

"गप बस गं. तिकडे पुरणाचं जेवण थांबलंय आपल्यासाठी!"

डोंगर जवळ येत चालला. आवाज आता खरखरू लागला होता. निकिताला रडू येत होतं. पण रडून मामा थांबला नसता. मग तो थांबेल तरी कशासाठी? तिची नजर कोऱ्या करकरीत सीटकव्हरवर गेली. तिने रोशनीच्या कानात काहीतरी सांगितलं.

रोशनीने एवढे मोठे डोळे केले, गाल फुगवले आणि...

"ओऽऽक्!"

"पप्पा, रोशनी ओकतेय! सीटवर!" हर्षल किंचाळला.

"अरे, नवं कव्हर आहे! थांब, थांब गं बाई!"

करकचून ब्रेक लागला. घाटाचं पहिलंच वळण समोर होतं, आणि वळणापलीकडे नुसती दरी.

निकिता पाण्याची बाटली घेऊन उडी मारून खाली उतरली. घाईत अर्धं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. उरलेलं तिने गोळ्यावर ओतलं.

चर्रर्र! वाफेचा लोट उठला.

मामाने ती वाफ पाहिली. मग त्याने दरीकडे पाहिलं आणि मटकन दगडावर बसला.

तेवढ्यात मागून एक मोटरसायकल भरधाव आली. टाकीवर लाल डबा, हँडलला पिशवी. भिमाजी मिस्तरी!

"नाथाभाऊ! काय केलं हे? बुचं मी पूजेसाठी लावून ठेवली होती. तेल उद्या भरणार होतो!"

"मला वाटलं, झालं काम!"

"वाटलं?" कुसाबाई आजी कडाडली. "आणि तुम्ही हो, मिस्तरी? बिनतेलाच्या गाडीची किल्ली खिळ्याला लावून जाता? पोरं होती गाडीत!"

दोघांनीही माना खाली घातल्या.

गोळा निवल्यावर मिस्तरींनी पिशवीतून पाना काढला. त्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. क्षणभर ते थांबले, पाना कपाळाला लावला आणि वरचं बूच खोललं. आत घातलेलं बोट जवळजवळ कोरडंच बाहेर आलं. मग भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत त्यांनी तेल भरलं.

"पोरी, गाडी आणखी दोन वळणं गेली असती ना..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आता घाट नको. हळूहळू गॅरेजला परत. चक्रांचे दात तपासल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही."

"आणि माझी उलटी कशी झाली?" रोशनीने विचारलं.

"एक नंबर!" हर्षल म्हणाला. मग निकिताकडे वळून हळूच पुटपुटला, "तुला रस्ता कळतो हं."

मामा स्टिअरिंगवर बसला, पण किल्ली फिरवली नाही. "निकिता," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज तुझ्यामुळे आपण सगळे वाचलो. तू सांगशील तेव्हाच निघायचं."

निकिता पुन्हा गाडीखाली वाकली. दोन्ही बुचांवरून तिने बोट फिरवलं. कुणीही घाई केली नाही. तिने फ्रॉकला बोट पुसलं, आत येऊन बसली आणि म्हणाली,

"चला मामा. सावकाश."