पाण्यातली मुलगी

"बोटीत कुणी नाही, मग पाण्यात कोण बसलंय?" लंबू ओरडला.

सुट्टीचा पहिलाच दिवस! तळ्यावर निघालेली तिघं वाटेतल्या भिंतीवर लागलेल्या बोटक्लबच्या नव्या, भल्यामोठ्या फलकासमोर थबकली. निळंशार तळं, रिकामी होडी आणि पाण्यात चक्क टोपीवाल्या मुलीचं प्रतिबिंब!

"भूत!" लंबू म्हणाला.

"भुताचं कधी प्रतिबिंब पडतं का, अकलेच्या कांद्या?" चष्मिष म्हणाली.

"ती मी आहे," घारी हळूच म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात आईने काठावरून तो फोटो काढला होता आणि आपल्या नावानिशी नेटवर टाकला होता. हिवाळ्यात आई गेली. आता तरी रडू येईल म्हणून घारी थांबली. आलं नाही. दात काढताना हिरडी बधिर होते ना, तसं तिचं आतून सगळंच झालं होतं.

"म्हणजे कुणीतरी तुला पुसलंय!" चष्मिष भडकली. "चला, छडा लावू!"

फलकाच्या कोपऱ्यात जाहिरातवाल्याचं नाव होतंच. चौकातल्या त्याच्या दुकानात यंत्रातून असाच दुसरा फलक सरकत बाहेर येत होता. तो न्यायला बोटक्लबच्या मालकीणबाई येऊन बसल्या होत्या.

"काका, काय झकास फोटो!" लंबू साळसूदपणे म्हणाला. "कुणी काढला?"

"मीच! भल्या पहाटे, थंडीत कुडकुडत!"

"होडी रिकामीच होती?"

"अगदी रिकामी!"

"मग पाण्यातली ही कोण?" चष्मिषने बोट ठेवलं.

मालकीणबाई वाकल्या. जाहिरातवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे... नेटवरून घेतला. नेटवरचं सगळ्यांचंच असतं! आणि केवढा बदललाय मी!"

"बदललात म्हणजे मला पुसलंत," घारी म्हणाली. आवाज सपाट होता. "फोटो माझ्या आईने काढलाय."

"दिसला म्हणजे आपला झाला होय?" चष्मिष म्हणाली. "बदलायचा असला तरी आधी विचारायचं!"

"बरं बाई, विचारतो. आईंचा नंबर दे."

"आई नाहीये."

यंत्र तेवढं घरघरत राहिलं. जाहिरातवाल्याने हात लांबवून ते बंद केलं.

"मग तिच्या बाबांना विचारा," मालकीणबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "आणि तो भिंतीवरचा फलक आधी उतरवा!"

संध्याकाळी जाहिरातवाला घारीच्या घरी आला, मान खाली घालून. बाबांनी सगळं ऐकलं आणि घारीकडे पाहिलं. "तू सांग."

"काही न पुसता लावा. आणि खाली आईचं नाव."

आठवड्याने नवा फलक लागला.

"शाब्बास रे पोरांनो! डोळे आहेत की दुर्बिणी!" मालकीणबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. लंबूची छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

घारीने आईचं नाव वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने.

"तिला आवडलं असतं," शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले.

"हं."

घरी जाताना तिने बाबांचा हात कधी घट्ट धरला, तिचं तिलाच कळलं नाही.