बाहेरून लागलेली कडी

गंधार, मुतायचं असेल तर आत्ताच जाऊन ये. नंतर सोबतीला मला उठवलंस तर मागनं मीच 'भॉक' करीन.

मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, पण ही गोष्ट खोटी नाही. आमच्या आत्माराम रिक्षावाल्यानं शपथेवर सांगितलेली. दोन हजार तीन साल, देवदिवाळीची आदली रात्र, अमावास्या. आत्माराम बहिणीला डबा द्यायला गेला. बहीण मथुरा, संगमेश्वराकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. मीसुद्धा तिला टरकून असायचो. सुई टोचताना हसायची बया.

आत एकच पेशंट. मनस्वी, पाच वर्षांची. आई वर्षापूर्वी वारलेली, बाप मुंबईला. काका शिवा घेऊन आलेला.

"बिबा उतला, सिस्टर. मी टाचेच्या भेगांना त्याचं तेल लावत होतो, पोरीनं हात घातलान."

"हात घातलान, तर पाठ कशी भाजली?"

मथुरेनं पोरीची पाठ दिव्याकडे वळवली.

"बिबा उतला की फोड पसरतात, खाज सुटते. ह्याला सरळ कड आहे. तापलेलं उलथनं आहे हे. खाली जुने दोन डागपण आहेत."

ओवी, तोंड वाकडं करू नको. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं. पोरगी किंचाळली की म्हणायचे, बिबा उतला असेल, आणि पुन्हा जेवायला बसायचे. थू.

मथुरेनं त्याच्यादेखत पोलिसांना फोन लावला. शिवानं पोरीला दंडाला धरून उचललं.

"आमच्या घरचं आम्ही बघू."

मथुरा आडवी आली. त्यानं तिला ढकललं. आत्माराम डबा टाकून धावला...

तेवढ्यात उघडं दार लागलं. हळूच.

मग बाहेरून कडी सरकली.

शिवानं दार ओढलं. हिसडलं.

"कोण आहे?"

पोरगी रडायची थांबली. दाराकडे बघून म्हणाली, "आलीस?"

शिवानं दंड सोडला.

जीप आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला. हवालदाराला कडी निघेना. बॅटरी मारून बघतो, तर कडीला गाठ. बाईमाणसाच्या लांब केसांची. ताजं खोबरेल लावलेलं. टोकं करपलेली.

त्यानं गाठ कापून आत आणली. मथुरेनं ती हातात घेतली. वास घेतला. शिवाकडे बघितलं.

"हिची आई कशानं वारली रे?"

"स्टोव्ह भडकला," शिवा तोंड फिरवून म्हणाला.

मनस्वीनं हात पुढे केला. केस मुठीत धरले. आणि पालथी झोपली.