नवव्या मात्रेचा श्वास

सोळा मात्रांची ओळ आजोबा नवव्याच मात्रेला का तोडतात?

हे कोडं सहावीतल्या गौतमीला दिवाळीपासून छळत होतं. मात्रा म्हणजे तालातलं एकेक सारखं पाऊल. पुळणवाडीच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात जनार्दनबुवा सुर्वे कीर्तनाला उभे राहिले, की मागे झांज घेऊन बसायची ती त्यांची नात. ज्याच्या मागे झांज धरायची त्याचा श्वास कुठे येतो, हे झांजेला कळावंच लागतं. आजोबांनी स्वतः रचलेली एक ओळ होती:

‘आत येतो तोही हरी, बाहेर जातो तोही हरी.’

गेल्या वर्षी ही ओळ ते एका दमात म्हणायचे आणि वर एक तान घ्यायचे. आता अर्ध्यावरच छाती भरून घ्यावी लागे. ‘बाहेर’च्या आधी एक बारीकशी शीळ ऐकू यायची, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. गौतमीनं काय केलं, तर नवव्या मात्रेवर झांज जरा जोरात मारायला सुरुवात केली. झण्ण! त्या आवाजात शीळ बुडून जाई. श्रोत्यांना वाटे, पोरीचा हात काय बसलाय!

आजोबा यावर कधी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. पण आत काहीतरी सारखं टोचत राही.

आज उत्सवाचा मुख्य दिवस होता. संध्याकाळी कीर्तन. आणि दुपारपासूनच मंडपात सुस्मित येऊन उभा होता.

सुस्मित म्हणजे जाहिरातीचा यंत्रमानव. उंची गौतमीएवढी, रंग मोतिया, चेहऱ्याच्या जागी सदा हसणारा पडदा. मधुमेहाच्या (रक्तात साखर साठून राहण्याच्या आजाराच्या) नव्या औषधाची जाहिरात करत तो गावोगाव हिंडत होता. औषधाचं नाव ‘झुळूक’. शिट्टीएवढी नळी, तिच्यात चिमूटभर पूड. नळी तोंडाला लावायची आणि श्वास आत ओढायचा, बस्स.

पडद्यावर एक आजोबा सुई समुद्रात भिरकावत, नळी ओढत आणि पुरणपोळीवर तुपाची धार धरत. मग नातवंडांबरोबर पतंग उडवत.

“सुईला रामराम! झुळूक घ्या, मोकळे व्हा!” सुस्मित मधाळ आवाजात म्हणाला. त्यानंतर त्याच्या पोटातून माशी घोंगावल्यासारखा आवाज आला, “झ्झ्झ्झुंईं,” आणि जाहिरात संपली.

“बुवा, आज तुमचं सोनं!” उत्सवाचे कारभारी अनंतकाका शेट्ये हात चोळत म्हणाले. “मध्यंतराला तुम्हाला हार घालायचा आणि तिथेच, सगळ्या गावासमोर, तुम्ही पहिली झुळूक घ्यायची. औषधवाल्यांनी मंडप उगाच नाही घालून दिला!”

“घेऊ की,” आजोबा खुशीत म्हणाले. “दिवसातून चार वेळा टोचून घेतोय. हात थरथरतो, सुई भलतीकडेच जाते. नारायणालाच दया आली म्हणायची.”

सुस्मितनं विचारलं, “आपल्याला श्वासाचा काही त्रास?”

आजोबांनी क्षणभर गौतमीकडे पाहिलं. “छे छे! चाळीस वर्षं कीर्तन करतोय. मला कसला त्रास?”

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

आजोबा अंगरखा बदलायला घरी गेले, अनंतकाका केळीचे खांब बांधायला. गौतमी सुस्मितपुढे उभी राहिली.

“तुझ्या शेवटी ती माशी काय घोंगावते रे?”

“ती माशी नाही. तो सूचनांचा भाग आहे. चौपट वेगानं म्हणतो.”

“मग हळू म्हणून दाखव ना.”

सुस्मितचं हसू जागच्या जागी थिजलं. “असं आजवर कुणी सांगितलं नाही. नियम असा आहे, की विचारलं तर खरं आणि पूर्ण सांगायचं. न विचारता हळू सांगायचं बंधन नाही.”

“मी विचारतेय. पण अगदी पहिल्यापासून. सुई लागते कशाला?”

“आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. ती शरीरातल्या पेशींत (शरीर ज्यांचं बनतं त्या सूक्ष्म कणांत) पोचली पाहिजे. पोचवायचं काम इन्सुलिन करतं.”

गौतमीला आजोबांची पिठाची गिरणी आठवली. दिवसा गिरणी, संध्याकाळी कीर्तन, असं चाळीस वर्षं चाललं होतं; आता गिरणी बंद होती. भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या की वयानं, हे घरातल्यांनाही नक्की सांगता येत नसे.

“म्हणजे गिरणीच्या दारात पोती येऊन पडलीत, पण आत न्यायला हमालच नाहीत?”

“बरोबर. दारात ढीग आणि जातं रिकामं. रक्तात साखर, पेशी उपाशी. इन्सुलिन हा तो हमाल.”

“मग हमाल गोळीतून का नाही पाठवत?”

“इन्सुलिन हे प्रथिन आहे, डाळीतलं असतं तसं. पोट त्याला डाळीसारखंच पचवून टाकतं. म्हणून सुईनं कातडीखाली सोडतात. तिथून ते रक्तात जातं.”

“आणि झुळूक?”

पडद्यावर एक उलटं झाड उगवलं. बुंधा वर, फांद्या खाली. “ही श्वासनलिका. हिला वीस-बावीस वेळा फाटे फुटतात आणि टोकाला वायुकोश (हवेचे अतिबारीक फुगे) लागतात. तुझ्या आजोबांच्या छातीत असे तीस-चाळीस कोटी असतील. सगळे उलगडून पसरले तर तुझा शाळेचा वर्ग झाकून उरतील. त्यांची भिंत इतकी पातळ, की हवेतला प्राणवायू पलीकडच्या रक्तात सहज उतरतो. पुडीतलं इन्सुलिनही.”

“पूड तिथवर जाते? गिरणीत पीठ नाकातच बसतं की. शिंका येतात.”

“जाड कण नाकाघशात अडकतात. फारच बारीक असले तर उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढा कण नेमका खोल जाऊन बसतो. आमची पूड तेवढीच दळलेली असते.”

गौतमीनं मनात हिशेब केला. चाळीस वर्षं. रोजचं दळण. त्या पिठात किती कण इतके बारीक असतील?

“आता ती माशी,” ती हळूच म्हणाली.

सुस्मितनं आवाज उतरवला. आता त्यात मध नव्हता.

“झुळूक फक्त जेवणाआधीच्या सुयांऐवजी आहे. दिवसभर पुरणारं इन्सुलिन लागत असेल, तर ती सुई राहतेच. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या माणसानं झुळूक घेऊ नये. त्याच्या श्वासाच्या नळ्या एकाएकी आकसून जिवावर बेतू शकतं. धूम्रपान करणाऱ्यानंही घेऊ नये. सुरुवातीआधी डॉक्टरांकडून श्वासाची चाचणी करून घ्यावी.”

“चाचणी? आणि ती कशी करायची?”

सुस्मितच्या पोटातला कप्पा उघडला. आत एक फुंकनळी होती, कोऱ्या कागदात गुंडाळलेली. “जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते ही मोजते. मला दिलेली आहे. अजून कुणी मागितली नाही.”

गौतमी घराकडे पळत सुटली.

आजोबा आरशापुढे फेटा बांधत होते. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हणाली, “आजोबा, तुम्ही नवव्या मात्रेला श्वास घेता. शीळ वाजते. मी मोजलंय.”

फेट्याचा पीळ अर्ध्यावर राहिला. “माझा दम मोजतेस तू? मागे बसून?”

“झांज धरायची तर मोजावंच लागतं. तुम्हीच शिकवलंत.”

“गौतू,” आजोबांचा आवाज खाली आला, “बुवाचा दम संपला असं एकदा गावात झालं, की पुढल्या वर्षीच्या आमंत्रणाचा नारळ दुसऱ्या बुवाला जातो. देवापुढे उभं राहणं एवढंच माझ्याकडे उरलंय. एक फुंकर आत घेतली तर काय आकाश कोसळतंय? चल, उशीर होतोय.”

मंडप भरला. बायका, मुलं, मुंबईहून आलेले चाकरमानी, पुढच्या रांगेत आरोग्य केंद्राच्या डॉ. रेहाना काझी. आजोबांनी नमन केलं. पूर्वरंग (कीर्तनाचा पहिला भाग, तत्त्व समजावून सांगण्याचा; गोष्टीचा उत्तररंग त्यानंतर) रंगू लागला. आज निरूपणाला सत्यच घेतलं होतं.

“माणूस खोटं बोलतो तेव्हा पाप दिसतं,” आजोबा सांगत होते. “पण खऱ्याचा अर्धाच भाग सांगतो, तेव्हा? तेव्हा त्याला लोक हार घालतात!”

लोक हसले. गौतमीला हसू येईना. कोपऱ्यात सुस्मित उभा होता, तबकात झुळुकीची नळी आणि झेंडूचा हार. अर्धं खरं सांगणारा एक तिथे होता. दुसरे, आजोबा, गात होते. आणि तिसरी? नवव्या मात्रेवर झांज आपटून शीळ बुडवणारी मी कोण? माझी झांजही त्या माशीचंच काम करते की!

‘आत येतो तोही हरी...’

सात. आठ. तिनं झांज उचलली. हात वर गेला आणि वरच थांबला.

नववी मात्रा रिकामी गेली.

त्या रिकाम्या जागेत शीळ वाजली, सबंध मंडपाला ऐकू जाईल अशी. मग खोकला. पेटीवाला थबकला. आजोबांनी मागे वळून पाहिलं. त्या नजरेनं गौतमीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तिनं मान खाली घातली नाही.

“मध्यंतर, मध्यंतर!” अनंतकाका तबक घेऊन धावले. “घ्या बुवा, झुळूक घ्या, खोकलाही पळेल!”

आजोबांनी नळी उचलली. ओठांजवळ नेली. गौतमी उठून उभी राहिली.

आजोबांनी नळी खाली केली.

“मंडळी,” ते म्हणाले, “सत्यावर तासभर बोललो आणि दुपारीच या मोतिया पाहुण्याशी खोटं बोललो. मला विचारलं, श्वासाचा त्रास आहे का. म्हटलं, छे! आताची शीळ तुम्ही ऐकलीत. ती दिवाळीपासून आहे. ही पोर झांजेखाली झाकत होती. आज तिनं झाकायचं नाकारलं. माझ्यापेक्षा तिनंच पूर्वरंग नीट ऐकला म्हणायचा.” मग ते सुस्मितकडे वळले. “बाबा रे, तुझी जाहिरात म्हणजे नुसता उत्तररंग. गोष्ट रंगवलीस, निरूपण गाळलंस. तेही सांग. हळू, मागच्या आजीला ऐकू जाईल असं.”

“अहो बुवा, मंडपवाले काय म्हणतील!” अनंतकाका कळवळले.

“काका, बुवांनी विचारलंय,” सुस्मित म्हणाला. “मला सांगावंच लागेल.”

आणि त्यानं सांगितलं. जेवणाआधीची सुई, उरणारी सुई, आकसणाऱ्या नळ्या, चाचणी. पतंगाच्या चित्राशिवाय. मागच्या रांगेतून एका आजीनं विचारलं, “मिश्री लावणाऱ्याला चालतं का रे?” कुणी विचारलं, “आणि विडीवाल्याला?” तो एकेकाला उत्तर देत राहिला.

डॉ. काझी पुढे आल्या. कोऱ्या कागदातून फुंकनळी निघाली. आजोबांनी छाती भरली आणि सारी ताकद लावून फुंकलं. पडद्यावर लाल पट्टा आला, निम्म्याच्या जेमतेम वर.

“बुवा, ही नळी तुम्ही ओढली असतीत,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या, “तर उत्तररंग मला दवाखान्यात करावा लागला असता. पिठानं फुप्फुसं धरलीत. उद्या सकाळी या. यावर औषध आहे, श्वासाचे व्यायाम आहेत. गेलेला सगळा दम परत येईल असं मी म्हणत नाही, पण उरलेला सांभाळता येईल. आणि सुईचं म्हणाल, तर थरथरत्या हातासाठी आधाराचं पेन मिळतं.”

“आणि नारळ?” आजोबांनी अनंतकाकांकडे पाहिलं. प्रश्न थट्टेचा होता, आवाज थट्टेचा नव्हता.

अनंतकाकांनी हार उचलला. “खोकत खोकत खरं बोलणारा बुवा आमच्या गावाला दुसरा कुठे मिळणार? पण दम खाऊन गा हो.”

झुळूक वाईट नव्हती बरं का. मधुमेह असलेल्या शाळेच्या कदमबाईंनी महिन्याभरात चाचणी करून घेतली, फुप्फुसं ठणठणीत निघाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्या झुळूक घेऊ लागल्या. जेवणाआधीच्या तीन सुया सुटल्या, रात्रीची एक राहिली. सुस्मित पुढच्या गावाला गेला. जाताना म्हणाला, “लोक आता मला फार प्रश्न विचारतात. जाहिरात लांबते.” तेव्हाचं त्याचं हसू पडद्यावरचं नव्हतं, असं गौतमी आजही सांगते.

तिच्या वहीच्या मागच्या पानावर आता एक उलटं झाड आहे. पिठानं बुजलेल्या फांद्या तिनं लाल रंगवल्यात आणि खाली लिहिलंय, ‘या मोकळ्या कशा करता येतील?’ उत्तराची जागा कोरी आहे. मोठी झाल्यावर ती भरायची, असं तिनं ठरवून टाकलंय.

पण हे सगळं नंतरचं. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर आजोबा बंद गिरणीच्या ओट्यावर बसले. गौतमी झांज घेऊन समोर आली, जरा बिचकतच.

“रागावलात?”

“रात्रभर रागावलो होतो,” आजोबा म्हणाले. “सकाळी कंटाळा आला. बस. ही ओळ नव्यानं बांधू.”

‘आत येतो तोही हरी...’

आठव्या मात्रेवर आजोबा थांबले. शीळ वाजली, तशीच, उघडी. नववी मात्रा त्यांनी श्वासाला दिली आणि गौतमीनं त्या मात्रेवर झांज हलकेच, नुसती टेकवली. आत शिरणारा श्वास नीट ऐकू यावा, एवढीच.

‘...बाहेर जातो तोही हरी.’