रिकाम्या खोलीतली मी

"कुणी आहे का?" दारातून आवाज आला.

मी टेबलामागून हात वर केला. "मी आहे की!"

"कमाल आहे... आमच्या आकड्यांत तर तुम्ही नाहीतच!"

अशी आमची पहिली भेट. तो कंपनीचा इंजिनिअर, मी कॉलेजातली संशोधक विद्यार्थिनी. कॉलेज आणि कंपनी मिळून एक सेन्सर बनवत होते. श्वासाने खोलीतली हवा किती बदलली ते मोजून, आत किती माणसं आहेत हे सांगणारा. मी तो भिंतीवर लावला होता, आकडे आपोआप कंपनीत जात. सहा महिन्यांत तिकडचं कुणी फिरकलं नव्हतं. खरं तर माझ्याकडे कुणीच फिरकत नसे. सर सहीपुरते डोकावत. आई रविवारी फोनवर "जेवलीस का?" विचारी. बाकी एकटा जीव सदाशिव! दिवसभर तोंड न उघडल्यामुळे संध्याकाळी दुकानात बोलताना स्वतःचाच आवाज परका वाटे.

"सहा महिने बहुतेक वेळा ही खोली रिकामी दिसतेय," तो म्हणाला, "आणि दिवे मात्र रोज चालू. म्हटलं, भूतबीत आहे की काय!"

"मग? आहे?"

"आहे. पण चष्मा लावतं."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी!

"सुरुवातीला सेन्सरचं शून्य कसं घेतलंत? म्हणजे, रिकाम्या खोलीची हवा कशी मोजलीत?" त्याने विचारलं.

"खोली रिकामी करून. कॉलेजातले दोघं मदतीला होते, त्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं, मी वीस मिनिटं थांबले, बटण दाबलं..."

"थांबलात कुठे?"

"इथेच, या खुर्ची—"

मी खुर्चीकडे पाहिलं. सगळ्यांना बाहेर काढलं होतं, फक्त स्वतःला मोजायचं राहिलं होतं; माझा श्वासच सेन्सरने शून्य धरला होता. डोळे भरून आले. चूक झाली म्हणून नव्हे, ती इतकी सहज झाली म्हणून.

"होतं असं," तो हळूच म्हणाला. "शून्य नव्याने घेऊ. या वेळी तुम्हीही बाहेर... आणि मीही."

आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकलो. त्याने बॅगेतून बिस्किटांचा पुडा काढून पुढे केला. कॉलेज आणि कंपनीचा करार शुक्रवारी संपत होता. सहा महिने वाया गेले तर काम पुन्हा करावं लागेल, करार वाढेल, तो पुन्हा येईल... मनात आलंच. पण तेवढ्यात तोडगाही सुचला. गप्प बसावं असं फार वाटलं. नाही जमलं.

"ऐका ना... कच्चे आकडे तुमच्याकडे आहेतच. प्रत्येकात मला मिळवा. सगळं बरोबर येईल. ऑफिसात बसूनही होईल."

"माहीत आहे," तो बिस्किटाकडे बघत म्हणाला. "तुम्ही 'खुर्ची' म्हणालात तेव्हाच सुचलं."

"मग आपण इथे का उभे आहोत?"

त्याचे कान लाल झाले. "वीस मिनिटं मिळावीत म्हणून... रोज सकाळी या खोलीचं शून्य बघायचो. उगीच वाईट वाटायचं. आणि आत तर तुम्ही होतात... बुधवारी येऊ? काम नसलं तरी?"

"या," मी म्हणाले. आवाज कापला, पण माझाच वाटला. "बिस्किटं आणा."

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आता खोली खरोखर रिकामी होती. दार उघडायची घाई मात्र दोघांनाही नव्हती.