मालकाच्या रकान्यातली सही

दुपारी बाराच्या सुमाराला फवारणीवाला दारात उभा राहिला, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला हायसं वाटलं. महिन्यापूर्वी ती सहा वर्षांच्या चिमीला घेऊन या घरात भाड्याने राहायला आली, आणि त्याच दिवसापासून माळ्यावर कुणीतरी खरडायला लागलं. चिमीची झोप उडाली. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून आईचा जीव तीळतीळ तुटायचा.

पाठोपाठ घरमालक हजर. करारातलं एकच कलम त्याला तोंडपाठ होतं: घरात आधीपासून असलेल्या जिवांचा बंदोबस्त मालकाने करायचा, भाडेकरूबरोबर आलेल्यांचा भाडेकरूने.

"माझ्या घरात साधी पालसुद्धा नव्हती, ताई. जे काय आहे ते तुमच्या बोचक्यांतून आलंय."

"अहो काका, खरडतंय वर आणि माझी बोचकी खाली!"

फवारणीवाल्याने या भांडणात नाक खुपसलं नाही. आतल्या खोलीत शिडी लावून तो वर गेला, पिंजरा ठेवून खाली आला. त्याच्या अंगाला पेटीत दडपून ठेवलेल्या कपड्यांसारखा वास येत होता.

"उंदीर नाहीत," तो हळूच म्हणाला. "लेंडी नाही, कुरतडलेलं नाही. धूळसुद्धा नाही. वर कुणीतरी रोज झाडतं..."

त्याने कामाचा कागद पुढे केला. "भाडेकरूची सही तेवढी राहिलीय. मालकांची झालेली आहे."

"मी कधी केली?" घरमालकाने चष्मा चढवला. त्याच्या रकान्यात बारीक, वळणदार सही होती. त्याला ती वाचता येईना. "ताई, याला तुम्हीच बोलावलंत ना?"

"नाही... मला वाटलं, तुम्ही."

तिने कागद ओढून घेतला. तक्रारीच्या जागी लिहिलं होतं, 'महिनाभरापासून खाली दोन शिरली आहेत. एक मोठं, एक पिल्लू. दिवसभर मशीन खडखडतं.' तिने ते तीनदा वाचलं, तरी डोक्यात काही शिरेना. हे कुणाबद्दल आहे? खालच्या ओळीत उपाय होता. 'आधी पिल्लू धरावं. मोठं आपोआप मागे येतं.'

तिने कागदावरून मान वर केली.

"भाऊ... पिंजरा केवढा ठेवलात?"

त्याने गोंधळून हात कमरेपाशी धरला. "ऑफिसातून दिला तेवढा. मलाही जरा मोठाच वाटला..."

"आणि आमिष?"

"ते वर आधीच होतं. बशीत बिस्किटं होती. मला वाटलं, तुम्हीच..."

"चिमे!"

ती धावतच आत गेली. चिमी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती, हातात अर्धं बिस्किट. आईने तिला उचलून घट्ट कवटाळलं.

"कुणी दिलं गं हे?"

"मालकीणबाईंनी."

"अगं, मालकीणबाई कुठल्या?" दारातून घरमालक पुटपुटला. "माझं तर लग्नच झालेलं नाही..."

चिमीने शांतपणे माळ्याकडे बोट केलं. "त्या म्हणाल्या, आधी आपण तुझ्या आईला नीट पाहून घेऊ. कागदावर मोठं लिहिलंय, पण त्यांना ती पिंजऱ्यात मावेलसं वाटतंय."