शेठच्या अंगावरचे सात ठिपके

मी आजारी माशांवर उपचार करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, नाडी कुठे बघता. राग माझ्या नाकावरच असतो, पण बावीस वर्षांत या एका प्रश्नाची सवय झाली आहे. घरोघरच्या, दुकानांतल्या, हॉटेलांतल्या काचेच्या टाक्या बघते. मासे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापेक्षा मालकांचाच त्रास जास्त.

दातांच्या डॉक्टरांनी फोनवर थट्टा केली नाही. "पाच होते, एक उरलाय," म्हणाले. "आजच येता का?"

त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, जुनी मासिकं, काउंटरवर डॉक्टरांची मेहुणी. टाकी भिंतीला लागून, साडेतीन फूट लांब, आणि तिच्यासमोर एक सातवी खुर्ची. त्या खुर्चीवर पेशंट बसत नसत. डॉक्टर दुपारी तिथे बसून डबा खात.

टाकी त्यांच्या बायकोची. ती जाऊन चौदा महिने झाले होते. मासे तिने आणलेले, झाडं तिने लावलेली, उरलेल्या माशाचं नावही तिनेच ठेवलेलं. काळा, पोट सुटलेला, डोळे बाहेर आलेला गोल्डफिश. नाव शेठ. साजेसंच होतं.

"तिच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलंय," डॉक्टर म्हणाले. साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज पेशंटला 'दुखणार नाही हं' म्हणताना असतो तसा. "हा वाचला पाहिजे. बाकी माझं काही म्हणणं नाही."

शेठच्या अंगावर पांढरे ठिपके होते, रव्याच्या कणांएवढे. हा रोग मला पाठ आहे. कातडीखाली एक जीव शिरतो, तिथेच फुगतो, तीन-चार दिवसांनी गळून तळाशी जातो. तिथे त्याचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत निघतात. ठिपके गळले की मालक खूश होतो, औषध बंद करतो, आणि आठवड्यात मासा दगावतो. डॉक्टरांचे चार असेच गेले होते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं माणसाला वाटतं. खरं म्हणजे तो तेव्हा पाण्यात असतो.

शेठवर ठिपके सातच होते. लवकर कळलं म्हणून मला बरंच वाटलं.

माझी एक पद्धत आहे. वहीत माशाची आकृती काढायची आणि जिथे ठिपका तिथे पेन्सिलने टिंब द्यायचं. रोज नवीन पान. जुने गळले किती, नवे आले कुठे, ते नुसत्या आठवणीवर सोडायचं नाही. नवे कधीच जुन्या जागी येत नाहीत. पावसाचा थेंब तरी त्याच जागी पुन्हा पडतो का?

पाणी गरम ठेवलं, मीठ टाकलं, हवेचा पंप वाढवला. चौथ्या दिवशी सातही गळले. सहाव्या दिवशी सात आले. मी टिंबं दिली, मागचं पान उलटून बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. त्याच जागा होत्या. कल्ल्यामागे तीन, एका ओळीत, आणि खाली चार, अर्धवट गोलात.

माझीच चूक, म्हटलं. जुनं पान बघून काढलं असणार. पुढच्या खेपेला वही घरी ठेवून गेले आणि कोऱ्या कागदावर काढलं. घरी येऊन तो कागद आणि वहीचं पान खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. टिंबं टिंबांवर बसली.

त्यानंतरच्या खेपेला मी काउंटरवर वही उघडी ठेवून हात पुसत होते. मेहुणी पावत्या लावत होती. तिचं लक्ष वहीकडे गेलं आणि ती थांबली.

"हे तुम्हाला कुणी दाखवलं?" तिने विचारलं.

"काय?"

"ही ताईची मान आहे." तिने माझ्या आकृतीवर बोट ठेवलं. "केस वर बांधले की दिसायचे. हे तीन तीळ, आणि हे चार. लहानपणी तिची वेणी मी घालायचे. हे मला डोळे मिटून सांगता येतील."

माशावर पांढरे असल्याने तिला ते इतके दिवस दिसले नव्हते. माझ्या पेन्सिलीने ते काळे झाले होते.

डॉक्टर आतून हातमोजे काढत आले. त्यांनी वही बघितली, मग टाकी, मग पुन्हा वही. रडतील असं वाटलं. रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आनंदासारखं होतं.

"औषध बंद करा," ते म्हणाले.

"डॉक्टर, हे कल्ल्यांत शिरलं तर त्याचा श्वास कोंडेल."

"बंद करा म्हटलं ना."

"भावोजी," मेहुणी हळू आवाजात म्हणाली, "आणि शेठ गेला तर? मग तुमच्याकडे काय राहणार?"

"पंधरा दिवस मी त्याला माझ्याकडे नेते," मी म्हटलं. ते त्या सातव्या खुर्चीवर जाऊन बसले. मग मानेनेच 'न्या' म्हणाले.

शेठला मी घरी नेलं, माझ्या उपचाराच्या टाकीत. डॉक्टरांना बजावलं, इथलं पाणी गरमच ठेवा, पंधरा दिवस एकही मासा नको. शिरायला मासा मिळाला नाही की हा जीव दोन-तीन दिवसांत मरतो. आणि खाणं टाकू नका, तळाला साचून कुजेल.

माझ्याकडे तिसऱ्या दिवशी ठिपके गळले ते पुन्हा आले नाहीत. वहीत कोरी आकृती, रोज. बारा पानं कोरी गेल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तिळांचं काय ते मी मनातून काढून टाकलं. बहीण गेलेल्या बाईला कुठेही बहीण दिसणार, आणि माझ्या हाताला सवय लागली असणार. असं मी स्वतःला ठणकावून सांगितलं.

सोळाव्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी शेठला पिशवीत घालून घेऊन गेले. दोन्हीकडच्या पाण्याचा मेळ बसावा म्हणून पिशवी टाकीत तरंगत ठेवायची आणि तिच्यात कपाने थोडं थोडं टाकीचं पाणी घालायचं. मी तीन कप घातले. डॉक्टर त्यांच्या खुर्चीवर होते.

"पाणी छान राहिलंय," मी म्हणाले. "खाणं टाकलं नाहीत ना?"

"रोज टाकलं," ते म्हणाले. "हिला सकाळी उपाशी राहवत नाही."

मी तळ बघितला. वाळू स्वच्छ होती. पंधरा दिवसांचं खाणं, आणि एक कण नव्हता.

कप माझ्या हातात होता. मी वर बघितलं.

डॉक्टरांच्या खुर्चीसमोर, काचेपासून वीतभर आत, पाण्यात पांढरे कण होते. हवेच्या पंपाने झाडांची पानं हलत होती. कण त्या प्रवाहाबरोबर वाहत नव्हते.

तीन एका ओळीत. खाली चार.

डॉक्टरांनी खुर्ची थोडी डावीकडे सरकवली. सातही कण डावीकडे सरकले, एकमेकांतलं अंतर न मोडता. त्यांच्यामध्ये काही नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "वाट बघतेय ती."

मी पिशवी उचलली, गाठ मारली आणि जिना उतरले. ते मागून ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पिशवीतलं पाणी आपल्या टाकीत कधी ओतायचं नाही. मासा जाळीने उचलायचा, पाणी मोरीत. हे मी बावीस वर्षं लोकांना खडसावून सांगत आले आहे. त्या दिवशी जाळी डोक्यातच आली नाही. घरी आले आणि पिशवी टाकीत सरळ उलटी केली.

तीन कप.

शेठ ठणठणीत आहे. वहीतली आकृती कोरी असते. फक्त तो आता टाकीच्या डाव्या अर्ध्यातच राहतो, कुणाला जागा करून दिल्यासारखा.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी चहा गाळत होते.

"इथे खाणं तळाला साचायला लागलंय," ते म्हणाले. "चार दिवस झाले. पाणी गढूळ झालंय."

मी गाळणी खाली ठेवली.

"तुमच्याकडे खातेय का?"

"शेठ छान खातो, डॉक्टर."

"शेठचं नाही विचारत."

त्यांचा आवाज इतका हळू होता की मला त्यांची दया आली. फोन कानाला लावूनच मी टाकीपाशी गेले. डब्यातून चिमूटभर खाणं घेतलं आणि उजव्या बाजूला सोडलं. दाणे भिजले, हळूहळू खाली उतरू लागले. शेठ डाव्या कोपऱ्यातून तिकडे तोंड करून बघत होता. जागचा हलला नाही.

दाणे वीतभर खाली आले. मग एकेक करून दिसेनासे झाले. तळाशी एकही पोचला नाही.

"हो, डॉक्टर," मी म्हणाले. "खाल्लं."

पलीकडे त्यांनी श्वास सोडला. "सकाळचं चुकवू नका," म्हणाले. "आणि एवढ्याने तिचं पोट भरत नाही."

डबा अजून माझ्या हातात उघडाच होता. मी आणखी एक चिमूट टाकली.